वाचकांचे प्रश्न : लिंक्सवर स्पर्धा खेळताना

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे. उन्हाळ्यात स्कॉटलंड, आयर्लंड किंवा इंग्लंडला जायचं आणि तिथल्या समुद्रकाठच्या लिंक्सवर, म्हणजे वाळूच्या जमिनीवरच्या गोल्फ कोर्सवर, एखाद्या क्लबच्या हौशी खेळाडूंच्या 'ओपन' (बाहेरच्यांनाही खुल्या) स्पर्धेत उतरायचं, तर तयारी काय करावी? म्हणून हे सगळं पान त्यालाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझा हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची कुवत सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) १४ आहे. पुण्यात माझा सात नंबरचा आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब, म्हणजे काठी) १५० यार्ड जातो. स्कॉटलंडला किती जाईल? (पुणे)

हवेत कमी आणि जमिनीवर जास्त. आधी हवेचा हिशेब. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि तेवढ्या विरळ हवेत चेंडू साधारण दोन टक्के जास्त उडतो. लिंक्स समुद्राला लागून, म्हणजे तीन यार्ड तिथेच गेले. त्यात पुण्याचे ३२ अंश आणि तिथल्या जूनमधल्या सकाळचे १३-१४ अंश यातला फरक धरा. गार हवा जड असते आणि चेंडूही गारठून कमी उसळतो, त्यात आणखी चार-पाच यार्ड जातात. थोडक्यात, वारा नसताना तुमचा सात नंबर १४२ यार्डांच्या आसपास पडेल.

पण लिंक्सवर पडला म्हणजे थांबला असं होत नाही. खाली वाळू, वर बारीक पात्याचं फेस्क्यू गवत, पाणी लगेच मुरून जातं आणि जमीन वर्षभर टणक राहते. चेंडू पडल्यावर १५-२० यार्ड सहज पळतो. पाठीमागून वारा असेल तर चाळीसही. त्यामुळे 'किती जाईल' यापेक्षा 'टप्पा कुठे पडायला हवा' हे आधी ठरवावं लागतं.

झेंडा १५० यार्डांवर आहे, ग्रीनची (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीची) पुढची कड १३५ वर आहे आणि पाठीमागून ताशी १५ मैलांचा वारा आहे असं समजा. आपल्याकडची सवय म्हणते, १४५ ला पाडा, दोन यार्डांत थांबेल. तिथे तो चेंडू ग्रीनच्या मागे जाईल, कारण ग्रीन टणक आणि पाठच्या वाऱ्याने चेंडूवरची फिरकीही निष्प्रभ झालेली. टप्पा १२५ च्या आसपास, ग्रीनच्या दहा यार्ड अलीकडे हवा. तिथली जमीन कशी आहे ते नीट बघा. टप्पा पुढे उतरत्या उंचवट्यावर पडला तर चेंडू सुसाट सुटतो, चढावर पडला तर जागीच मरतो. कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) घेतला असेल तर त्याला 'किती यार्ड' विचारू नका, 'कुठे पाडू' विचारा. तो चाळीस यार्ड उजवीकडचा एखादा टेकाडाचा खांदा दाखवेल. हसू येईल, पण तिथेच पाडा.

टीवरूनही, म्हणजे होलचा पहिला फटका मारतानाही, हाच हिशेब लागतो. एरवी तुमच्या पल्ल्याबाहेर असणारे बंकर (वाळूचे खड्डे) पाठवाऱ्यात पल्ल्यात येतात. कोर्सच्या पुस्तिकेत प्रत्येक बंकरचं अंतर दिलेलं असतं, ते बघूनच क्लब उचला. २००६ चं ओपन (क्लबांचं नव्हे, जगातल्या अव्वल खेळाडूंचं) इंग्लंडमधल्या होयलेकला झालं तेव्हा उन्हाने कोर्स पार वाळून पिवळा पडला होता. टायगर वुड्सने ७२ होलांत ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब पल्ल्याचा क्लब, एकदाच मारला आणि जिंकला. १४ हँडिकॅपवाल्याने यातून एवढंच घ्यावं की पाठवाऱ्यात हायब्रिड किंवा पाच नंबरचा आयर्न काढण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : वाऱ्यात किती क्लब जास्त घ्यायचे? आणि खालून जाणारा 'पंच' फटका नेमका कसा मारायचा? (ठाणे)

आडाखा असा आहे : समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या ताशी प्रत्येक मैलामागे अंतर एक टक्क्याने वाढलं असं धरा, पाठून येणाऱ्याच्या प्रत्येक मैलामागे अर्ध्या टक्क्याने कमी झालं असं धरा. समोरून ताशी २० मैल असेल तर १५० यार्डांचा फटका १८० चा होतो, म्हणजे तीन क्लब जास्त (तीन पायऱ्या लांब पल्ल्याचा क्लब). तेवढाच वारा पाठून असेल तर १३५ चा, दीड क्लब कमी. समोरचा वारा जितकं नेतो तितकं पाठचा देत नाही. समोरच्या वाऱ्यात चेंडूला जास्त उचल मिळते, तो फुग्यासारखा वर चढतो आणि मग उभा खाली येतो. पाठच्या वाऱ्यात उचलच कमी मिळते.

समोरच्या वाऱ्यात हौशी खेळाडू जी चूक हमखास करतो ती म्हणजे जोर लावणं. जोराने फिरकी वाढते, फिरकीने उचल वाढते, आणि चेंडू आणखी वर जातो. तेव्हा क्लब मोठा आणि स्विंग छोटा.

पंच फटका असा : १५० ऐवजी १८० चं अंतर धरून क्लब निवडा, आणि स्विंग छोटा होणार म्हणून आणखी एक वाढवा. ग्रिप दोन-अडीच सेंटिमीटर खाली धरा. चेंडू नेहमीच्या जागेपासून एक चेंडूभर मागे घ्या, त्याहून जास्त नको. साठ टक्के वजन पुढच्या पायावर ठेवा आणि फटका संपेपर्यंत तिथेच राहू द्या. हात मागे फक्त छातीच्या उंचीपर्यंत न्या आणि फटक्यानंतरही छातीपाशीच थांबवा. वेग संथ. हात खांद्याच्या वर गेलेले दिसले तर फटका पंच राहिला नाही, असं खुशाल समजा.

बिघडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. एक, चेंडू मागच्या पायाजवळ जातो, मग क्लबची कड जमिनीत रुतते किंवा चेंडू उजवीकडे ढकलला जातो. दोन, चेंडू खालून जावा म्हणून हात फार पुढे दाबले जातात आणि ऐन वेळी मनगट उलटून चेंडूला 'उचलायला' जातं. चेंडू खाली ठेवायचं काम क्लबचा कमी लॉफ्ट (चेहऱ्याचा तिरपेपणा) आणि छोटा स्विंग करतात, हातांनी काही करायचं नसतं.

आडव्या वाऱ्याशी चेंडू वळवून झुंजायच्या भानगडीत दहाच्या वरच्या हँडिकॅपवाल्यांनी पडू नये. वारा येतो त्या बाजूला निशाण धरा, सरळ मारा आणि वाऱ्याला त्याचं काम करू द्या. आणि टीवर गवत उडवून वारा बघितला तर तो फक्त टीवरचा वारा कळतो. टी बऱ्याचदा वाळूच्या टेकडीच्या आडोशाला असते आणि चेंडू टेकडीच्या वर गेला की खरा वारा लागतो. झेंडा, टेकडीच्या माथ्यावरचं मॅरम गवत आणि शेजारच्या होलवरचा एखादा उंच फटका, या तिन्हींकडे बघा.

कोर्सची मांडणीही आधी बघून ठेवा. सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स बराचसा सरळ बाहेर जातो, टोकाला वळसा घेतो आणि परत येतो. जाताना वारा समोर असेल तर पहिल्या सात होलांत शॉट गेले म्हणून घाबरू नका, परतताना बरेच फिटतात. वारा पाठीशी असेल तर उलट. नवव्या होलवरचा चांगला आकडा बघून हुरळून जाऊ नका. म्युरफिल्डची पहिली नऊ होलं घड्याळाच्या दिशेने बाहेरून फिरतात आणि पुढची नऊ उलट दिशेने आतून, त्यामुळे वाऱ्याची दिशा सतत बदलते. कार्नुस्टीलाही सलग दोनपेक्षा जास्त होलं एका दिशेला जात नाहीत. आणि निरभ्र दिवशी सकाळचा वारा दुपारी टिकेलच असं नाही. जमीन तापली की समुद्राकडून वारा सुरू होतो, तेव्हा सरावाच्या फेरीत पाठीशी असलेलं होल स्पर्धेत समोर येऊ शकतं. सराव सकाळी केला असेल आणि स्पर्धेची वेळ दुपारची असेल तर हे विशेष ध्यानात ठेवा.

प्रश्न : खोल पॉट बंकरमधून बाहेर कसं यायचं? व्हिडिओ पुष्कळ पाहिले, तरी भीती जात नाही. (नाशिक)

भीती रास्त आहे. १९५० च्या ओपनमध्ये रॉयल ट्रूनच्या आठव्या होलवर, म्हणजे जेमतेम १२३ यार्डांच्या 'पोस्टेज स्टॅम्प'वर, हर्मान टिसिस या जर्मन हौशी खेळाडूने १५ फटके घेतले, तेही या बंकरमधून त्या बंकरमध्ये ये-जा करत. १९२१ मध्ये ओल्ड कोर्सच्या अकराव्या होलवर बंकरमध्ये अडकल्यावर खुद्द बॉबी जोन्सने स्पर्धा सोडली. सहा वर्षांनी त्याच कोर्सवर तो ओपन जिंकला, तेही हौशी खेळाडू म्हणूनच.

तंत्राच्या आधी भूमिती. लिंक्सच्या बंकरची पुढची भिंत हिरवळीच्या लाद्या एकावर एक रचून उभी केलेली असते आणि जवळजवळ काटकोनात असते. भिंत दीड मीटर उंच आहे आणि चेंडू तिच्यापासून दीड मीटरवर आहे, तर चेंडू निदान ४५ अंशांत उठायला हवा. अंतर एक मीटर असेल तर ५६ अंश. वाळूतून मारलेला चेंडू क्लबच्या लॉफ्टपेक्षा बराच कमी कोनात निघतो. ५६ अंशांची वेज (जास्त तिरप्या चेहऱ्याचा क्लब) पूर्ण उघडूनही इतक्या उभ्या कोनात चेंडू काढणं आपल्या कुवतीचं नाही. म्हणून नियम करून टाका : चेंडूपासून भिंतीचं अंतर भिंतीच्या उंचीपेक्षा कमी असेल तर पुढे बघायचंच नाही. आडवं किंवा मागे मारा. भिंत लागून परत आलेला चेंडू पुष्कळदा तुमच्याच पायाच्या खड्ड्यात जाऊन बसतो. पहिला फटका एक, दुसरा दोन, असं करत सात होतात.

अंतर पुरेसं असेल तर फटका असा : क्लबचा चेहरा आधी उघडा, मग ग्रिप घट्ट करा. उलटं केलं तर चेहरा ऐन वेळी बंद होतो. पाय नेहमीपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, हात खाली. चेंडू पुढच्या टाचेसमोर. वाळूत चेंडूच्या चार-पाच सेंटिमीटर मागे मारा, आणि क्लब वाळूत सोडू नका, पूर्ण बाहेर काढा. वाळू किती खोल आहे ते पाय रोवताना तळव्याला कळतं. तेवढी परवानगी आहे. हाताने किंवा क्लबने वाळू चाचपणं, सरावाच्या स्विंगमध्ये ती लावणं किंवा मागे स्विंग नेताना तिला स्पर्श करणं याला दंड आहे. बंकरमधली सुटी पानं किंवा दगड उचलायला मात्र २०१९ पासून मुभा आहे.

आणि 'अनप्लेएबल' घ्यायचं, म्हणजे चेंडू खेळण्याजोगा नाही असं ठरवून दंड घ्यायचं, धाडस ठेवा. आधीच्या जागी परत जाऊन मारलंत तर एक दंड. बंकरमध्येच, होलच्या रेषेत मागे किंवा दोन क्लब-लांबींत बाजूला, ड्रॉप केलात (चेंडू हातातून खाली सोडलात) तरी एक. रेषेत मागे जाऊन बंकरच्या बाहेर ड्रॉप केलात तर दोन. तीन फटके वाळूत घालवण्यापेक्षा हे दोन बरेच स्वस्त.

उतरताना कमी उंचीच्या बाजूने उतरा, भिंतीवर पाय देऊ नका. बाहेर आल्यावर रेक मारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न : इथे लिंक्स नाहीत, मग सराव कसा करायचा? (नागपूर)

ग्रीनभोवतीच्या फटक्यांचा सराव कुठेही होतो, आणि खरं सांगायचं तर शॉट वाचतात तेही तिथेच.

आपल्याकडच्या फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावर) बहुतेक ठिकाणी बर्म्युडासारखं जाड, ताठ पात्याचं गवत असतं. चेंडू त्यावर थोडा उचललेला बसतो. क्लब किंचित मागे लागला तरी निभतं. फेस्क्यूवर चेंडू थेट टणक जमिनीला टेकलेला असतो, आणि क्लब मागे लागला की उसळून चेंडूच्या मध्यावर आदळतो. म्हणून जास्त बाउन्सची (तळ जास्त फुगीर असलेली) वेज तिथे धोक्याची. तुमच्या वेजपैकी एक तरी सहा-आठ अंश बाउन्सची असू द्या. सराव असा करा : गवत विरळ झालेली कडक जागा शोधा, चेंडूच्या दहा सेंटिमीटर मागे टॉवेल घडी करून ठेवा आणि टॉवेलला न लागता सात-आठ नंबरच्या आयर्नने चेंडू घसरता मारा. महाराष्ट्रात पावसाच्या आधीचे एप्रिल-मे यासाठी उत्तम. जुलै-ऑगस्टमधल्या ओल्या ग्रीनवर लिंक्सचा सराव करून हाती काही लागत नाही.

घसरत्या चिपसाठी (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यासाठी) बाराचा आडाखा वापरा. बारातून क्लबचा नंबर वजा करा, पिचिंग वेज दहा धरा. उरलेला आकडा म्हणजे हवेतल्या एका भागामागे चेंडू जमिनीवर किती भाग पळेल ते. आठ नंबरला एकास चार, नऊला एकास तीन, पिचिंग वेजला एकास दोन. होल ३० यार्डांवर असेल तर आठ नंबरने सहा यार्डांवर टप्पा आणि पुढे चोवीस यार्ड घसरगुंडी. हे सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनचं गणित आहे. चढ असेल तर एक क्लब मोठा घ्या, उतार असेल तर एक छोटा. बर्म्युडावर चेंडू टप्प्याला थोडा अडतो, तिथे तो अडणार नाही, हे लक्षात ठेवून टप्पा आणखी अलीकडे पाडायची सवय करा.

आणि पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवायचा क्लब. ग्रीनच्या बाहेर वीस-तीस यार्डांवरून पट मारायचा रोज सराव करा, मध्ये उंचवटा घेऊन. लिंक्सवर वेज हातात घेण्याआधी 'इथून पट होईल का' हे विचारावं. दहापैकी सहा-सात वेळा होतो. क्लबातली मंडळी हसतील, हसू द्या.

प्रश्न : तिथली ग्रीन्स आपल्यापेक्षा वेगवान असतात का? (पणजी)

बहुतेक नाही, आणि ते मुद्दाम. स्टिंपमीटरवर (ग्रीनचा वेग मोजायच्या पट्टीवर) दहा फुटांच्या फार पुढे गेली तर वाऱ्याने चेंडूच हलायला लागतात. २०१५ च्या सेंट अँड्रूजच्या ओपनमध्ये शनिवारी हेच झालं. जोरदार वाऱ्यात अकराव्या ग्रीनवर चेंडू जागचे हलू लागले, खेळ दहा तासांहून जास्त थांबला आणि स्पर्धा सोमवारी संपली. तुमची अडचण वेगापेक्षा अंतराची असेल. ओल्ड कोर्सवर चौदा होलांची ग्रीन्स जोडीने आहेत, प्रत्येक जोडीतल्या होलांच्या आकड्यांची बेरीज अठरा. तिथे पंचवीस-तीस मीटरचा पट नेहमीचाच. जातानाच्या होलांना पांढरे झेंडे, परततानाच्यांना लाल. चुकीच्या झेंड्याकडे पट मारणारा दर आठवड्याला एखादा असतोच. पट मारताना पाय रुंद ठेवा, जास्त वाका, आणि आडवा वारा असेल तर छोट्या पटलाही थोडं वारा येतो त्या बाजूला धरा.

प्रश्न : माझा इंडेक्स १४.२ आहे. स्पर्धेत मला किती शॉट मिळतील? आणि वादळी दिवशी खेळून हँडिकॅप बिघडला तर? (मुंबई)

शॉट म्हणजे तुमच्या फटक्यांतून मिळणारी वजावट. इंडेक्स गुणिले कोर्सचं स्लोप रेटिंग (कोर्स साधारण खेळाडूला किती अवघड) भागिले ११३, त्यात कोर्स रेटिंग (शून्य हँडिकॅपवाल्याकडून अपेक्षित फटके) वजा पार (कोर्सचे ठरवलेले फटके) मिळवा. समजा स्लोप १३२, कोर्स रेटिंग ७३.१ आणि पार ७२ आहे. १६.५९ अधिक १.१, म्हणजे १७.६९, कोर्स हँडिकॅप १८. वैयक्तिक स्ट्रोक प्ले (एकूण फटके मोजून) किंवा स्टेबलफर्डमध्ये (होलागणिक गुण मोजून) याचे ९५ टक्के मिळतात. पूर्णांक करण्याआधीच्या आकड्यावर टक्के काढायचे, म्हणजे १६.८, तुम्हाला १७ शॉट. मॅच प्लेमध्ये (दोघांत होलागणिक जिंक-हार) पूर्ण हँडिकॅपांतला फरक. स्लोप टीनुसार बदलतो, तेव्हा स्पर्धा कोणत्या टीवरून आहे ते प्रवेश भरतानाच बघा.

बिघडण्याची धास्ती नको. जगभरची हँडिकॅप पद्धत २०२० पासून एकच आहे. त्या दिवशी सगळ्यांचेच स्कोअर अपेक्षेपेक्षा वाईट किंवा चांगले आले तर दिवसाचा हिशेब उणे १ ते अधिक ३ शॉटपर्यंत आपोआप सुधारला जातो. शिवाय एका होलवर नेट डबल बोगीपेक्षा (आपले शॉट वजा करून पारहून दोन जास्त) जास्त फटके हँडिकॅपसाठी धरले जात नाहीत आणि इंडेक्स शेवटच्या वीसपैकी सर्वोत्तम आठ स्कोअरवरच ठरतो. भारतात ही पद्धत इंडियन गोल्फ युनियन चालवते. परदेशातला स्कोअरही तुमच्या नोंदीत जायला हवा, तो घरी येऊन 'विसरून' जायचा नाही.

पहिलीच खेप असेल तर स्टेबलफर्डची स्पर्धा निवडा. नेट पारला दोन गुण, बोगीला (पारहून एक फटका जास्त) एक, बर्डीला (एक फटका कमी) तीन. एका बंकरमध्ये दहा फटके गेले तरी शून्य गुण घेऊन पुढच्या टीवर जाता येतं. डॉक्टर फ्रँक स्टेबलफर्ड यांची ही पद्धत स्पर्धेत पहिल्यांदा वापरली गेली ती १९३२ मध्ये, वॉलेसी या इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लिंक्सवर. वाऱ्यात एक-दोन होलांनी सगळं कार्ड फुकट जाऊ नये, हाच तिचा हेतू. मेडल स्ट्रोक प्लेमध्ये प्रत्येक चेंडू होलात घालावाच लागतो, आणि पहिल्या लिंक्स स्पर्धेत तो अनुभव घ्यायची आमच्या मते काहीच गरज नाही.

प्रश्न : लिंक्सवर हमखास लागणारे नियम कोणते? (कोल्हापूर)

चेंडू वाऱ्याने ग्रीनवर हलला तर : तुम्ही तो आधी उचलून परत ठेवला नसेल तर नव्या जागेवरून खेळा, दंड नाही. उचलून ठेवल्यानंतर हलला असेल तर जुन्या जागी परत ठेवा, याही वेळी दंड नाही. म्हणून वादळी दिवशी ग्रीनवर चेंडू लगेच मार्क करा, उचला आणि परत ठेवा.

चेंडू मॅरममध्ये किंवा गॉर्सच्या पिवळ्या फुलांच्या काट्यांत गेला तर शोधायला तीनच मिनिटं. टीवरूनच दुसरा चेंडू मारा आणि मारण्याआधी 'प्रोव्हिजनल' (तात्पुरता) हा शब्द उच्चारा. न उच्चारता मारला तर तोच खेळातला चेंडू, पहिला सापडला तरी उपयोग नाही. गॉर्समध्ये सापडला आणि अनप्लेएबल घेतलात तर दोन क्लब-लांबींत पुष्कळदा सुटका होत नाही. तेव्हा होलच्या रेषेत मागे जाण्याचा पर्याय आधी बघा. लांबी मोजायला पटर सोडून सगळ्यांत लांब क्लब, म्हणजे बहुतेकांचा ड्रायव्हर.

सशाच्या बिळाजवळ चेंडू असेल तर फुकट सुटका मिळते, म्हणजे दंड न घेता चेंडू हलवता येतो. पण बीळ गॉर्सच्या पोटात असेल आणि तिथून एरवीही खेळताच आलं नसतं, तर नाही. दगडी भिंत कोर्सची हद्द असेल तर तिच्यापासून सुटका नाही. आतल्या भिंतीही अनेक ठिकाणी स्थानिक नियमाने कोर्सचाच भाग ठरवलेल्या असतात. ओल्ड कोर्सच्या सतराव्याच्या मागचा रस्ताही तसाच, चेंडू डांबरावर असेल तर डांबरावरूनच. होयलेकला सरावाच्या मैदानाची हद्द कोर्सच्या मध्येच आउट ऑफ बाउंड्स (खेळाच्या हद्दीबाहेर) आहे. हे सगळं कार्डाच्या मागे किंवा पहिल्या टीजवळच्या फलकावर लिहिलेलं असतं. दोन मिनिटं देऊन वाचाच.

अंतर मोजायचं यंत्र स्थानिक नियमाने बंदी नसेल तर चालतं, चढ-उतार धरून अंतर सांगणारी सोय मात्र बंद हवी. वारा मोजायचं यंत्र चालत नाही.

प्रश्न : ओल्ड कोर्सवर स्पर्धा खेळता येईल का? की फक्त बॅलटच? (लंडन)

बॅलट ही स्पर्धा नव्हे, रोजच्या खेळाच्या वेळांची सोडत आहे. खेळण्याच्या दिवसाच्या दोन दिवस आधी नाव द्यायचं आणि त्याच दिवशी निकाल लागतो. हँडिकॅपचा पुरावा लागतो आणि रविवारी कोर्स खेळासाठी बंद असतो. सेंट अँड्रूजला आणखीही कोर्स आहेत, न्यू आणि ज्युबिली त्यातले लिंक्सच. बॅलट लागला नाही तरी सहल वाया जात नाही.

मोठ्या हौशी स्पर्धा, उदाहरणार्थ १८८५ पासूनची अमॅच्युअर चॅम्पियनशिप किंवा सेंट अँड्रूज लिंक्स ट्रॉफी, या शून्य हँडिकॅपच्या आसपास किंवा त्याखाली खेळणाऱ्यांच्या. तुम्ही शोधायच्या त्या क्लबांच्या ओपन स्पर्धा. उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या बहुतेक क्लबांत त्या होतात, काही ठिकाणी ओपनचा आख्खा आठवडाच असतो. प्रवेश भरताना आपल्या क्लबचं नाव, हँडिकॅप इंडेक्स आणि क्रमांक लागतो, आणि हँडिकॅपची कमाल मर्यादा क्लबागणिक वेगळी असते. आयर्लंडचा लाहिंच, स्कॉटलंडचा डॉर्नोच किंवा क्रुडन बे असल्या ठिकाणी आधी एक दिवस सरावाची फेरी खेळून मगच स्पर्धेत उतरा. टेकड्यांमागची होलं पहिल्यांदाच स्पर्धेत बघितली तर निम्मे फटके आंधळे मारावे लागतात.

प्रश्न : बॅगेत काय ठेवावं? (औरंगाबाद)

पावसाचे हातमोजे दोन्ही हातांचे, ते ओले झाल्यावरच चांगली पकड देतात. तीन टॉवेल, त्यातला एक छत्रीच्या आत अडकवलेला. छत्रीचा वाऱ्यात उपयोग कमी, चांगलं पावसाळी जॅकेट आणि पँट हवीच. लोकरी टोपी जूनमध्येही. चेंडू डझनभर. क्लब चौदाच, पंधरावा चुकून राहिला तर ज्या होलांवर तो बॅगेत होता त्या प्रत्येकी दोन फटके दंड, जास्तीत जास्त चार. गॉर्समधून चेंडू काढायला जुनी लांब पँट बरी.

जूनमध्ये सेंट अँड्रूजला रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी चारची वेळ मिळाली तरी अठरा होलं निवांत होतात. सकाळी पूर्व किनाऱ्यावर समुद्राचं धुकं आलं तर स्पर्धा थांबवली जाते, तेव्हा क्लबहाउसच्या जवळच राहा, वेळ पुढे ढकलल्याची सूचना तिथेच मिळते. आणि वेळ चुकवू नका. पाच मिनिटांच्या आत उशीर झाला तर पहिल्या होलवर दोन फटके, त्याहून जास्त झाला तर सरळ बाद.